उजव्या कानातला षड्ज

मी एका बाईचं गाणं बंद पाडलं. चांगल्या, सुरेल बाईचं. रागाच्या भरात किंवा मत्सरापोटी केलं असतं तर निदान सांगायला सोपं गेलं असतं. मी ते पूर्ण खात्रीनं केलं, माझ्या कानावर विश्वास ठेवून.

त्या कानाबद्दल आधी सांगायला हवं, कारण मिरवण्यासारखं माझ्याकडं आयुष्यभर तेवढंच होतं. मी मूळचा मिरजेचा. तिथं तंबोरे बनतात, आणि शाळेतून येताना मी जवारी लावणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात रेंगाळायचो. तारेखालची घोडी घासून, दोरा केसभर इकडंतिकडं सरकवून तो तंबोऱ्याचा आवाज मोकळा करायचा. मध्येच मला विचारायचा, 'बोलतोय का रं?' आणि मी नाही म्हटलं की पुन्हा घासायला बसायचा. पुढं माझे गुरुजीही म्हणाले, 'गळा बरा आहे तुझा. कान मात्र देवानं दिलाय.' मी घरी येऊन हे कौतुक म्हणून सांगितलं. त्यातल्या 'बरा' या शब्दात माझ्या मैफलीच्या गाण्याचा निकाल लागला होता, हे कळायला दहा वर्षं गेली.

मग मुंबई आणि सिनेमा. आधी एका मोठ्या संगीतकाराकडं स्वरलेखन करायचो, नंतर वाद्यमेळ बांधायला लागलो, नंतर माझ्या स्वतःच्या नावावर चित्रपट आले. शास्त्रीयवाले नाक मुरडून मला 'सिनेमावाला' म्हणायचे आणि सिनेमावाले अर्धवट चेष्टेनं 'पंडितजी'. दोन्हीकडचे एका गोष्टीत मात्र एकमतानं वागायचे. मी स्टुडिओत शिरलो की व्हायोलिनवाले गुपचूप खुंट्या पुन्हा एकदा तपासायचे. याचा मला माज होता. तो उघड दिसायचाही, आणि मी तो लपवायच्या भानगडीत कधी पडलो नाही.

जयपूरला आलो बायकोमुळं. ती सैन्यात आहे. तिची बदली जिथं तिथं आमचं बिऱ्हाड, आणि माझं काम आता कुठूनही करता येतं. छावणीतल्या क्वार्टरमध्ये गायक-वादकांना बोलवायचं म्हणजे दर वेळी गेटवर पासची रड, म्हणून मी राजा पार्कमध्ये एका कचोरीवाल्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. एकीत गाणारा, दुसरीत मी, मध्ये जाड काच. मुलगी गोपालपुऱ्याला क्लासला जायची, आणि घरी यायची तेव्हा तिच्या मराठीत निम्मी हिंदी आलेली असायची.

गेल्या थंडीत हातात एक हिंदी चित्रपट होता. शेवटच्या प्रसंगाला मला शब्दांशिवाय एक बाईचा आवाज हवा होता. मुंबईचे आवाज सगळे धुतलेले, इस्त्री केलेले. तो आवाज मला छावणीतल्या शाळेच्या कार्यक्रमात सापडला. जयपूरजवळच्या बस्सी गावातल्या एका शाळेची मुलं समूहगान म्हणायला आली होती. त्यांच्या संगीताच्या बाई बाजूला उभ्या राहून, गाणं सुरू व्हायच्या आधी, मुलांना नुसता षड्ज देत होत्या. पेटी नाही, काही नाही. मी तिसऱ्या रांगेत ताठ बसलो. बायकोला म्हटलं, 'ह्या बाई मला पाहिजेत.' ती म्हणाली, 'हळू बोल, लोक बघतायत.'

त्याच सुमारास मला सर्दी झाली. उजवा कान दडला आणि आत कुकर शिट्टीच्या आधी सूं करतो तसा आवाज यायला लागला. बायकोनं दोनदा सांगितलं, डॉक्टरला दाखव. मी म्हटलं सर्दी उतरली की उतरेल, आणि वाफ घेत बसलो. तीनेक आठवड्यांनी कान मोकळा झाल्यासारखा वाटला. आवाज थोडा राहिला होता, त्याची सवय झाली. आजही ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. पाच मिनिटांचं काम होतं, मी टाळलं.

बाई ठरल्या दिवशी सकाळी बसनं आल्या. चाळिशीच्या, साध्या, वहीत सगळं लिहून घेणाऱ्या. माझी ध्वनिमुद्रणाची एक जुनी पद्धत आहे. तंबोरा यंत्रावर लावत नाही, मीच मांडीवर आडवा घेऊन छेडतो. तो माईकमधून गाणाऱ्याच्या कानात जातो. मी हेडफोन फक्त उजव्या कानावर ठेवतो आणि त्यात निव्वळ गाणाऱ्याचा आवाज घेतो. डावा कान उघडा, तंबोऱ्याकडं. एका कानात माणूस, एका कानात सूर, आणि दोन्ही मध्ये डोक्यात जुळतात का ते बघायचं. तीस वर्षं या पद्धतीनं मी लोकांच्या चुका पकडल्या होत्या.

बाईंनी पहिला सूर लावला आणि तो मला चढा लागला. अगदी थोडा, पण लागला. मी थांबवलं. 'थोड़ा चढ़ रहा है।' त्यांनी माफी मागितली, पुन्हा लावला. पुन्हा चढा. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, डोळे मिटले, पुन्हा लावला. खाली कचोऱ्यांचा घाणा संपून दुपारची सामसूम झाली तरी आम्ही त्याच एका सुरावर होतो. दर वेळी त्या काचेपलीकडून विचारायच्या, 'सर, कितना?' आणि मी बोटांच्या चिमटीनं दाखवायचो, इतकं.

माझा संयम सुटला. कार्यक्रमात ज्या सुरावर मी भाळलो होतो तो सूर माईकसमोर या बाईंना लागत नाही, याचा मला मनापासून राग आला होता. मी माईकचं बटण दाबून म्हणालो की तुम्ही कणसुऱ्या आहात, आणि हा दोष जात नसतो. मुलांना काय शिकवता तुम्ही?

हे शेवटचं वाक्य मी खरंच बोललो. बाई पाणी प्यायल्या आणि मग माझ्या चिमटीनुसार आवाज खाली आणून गायल्या. मला तो बरोबर लागला. मी अंगठा दाखवला. जाताना त्या माझ्या पाया पडल्या, आणि मी पडू दिलं.

संध्याकाळी जेवताना मी घरी सगळं चिडून सांगितलं. 'बाई चांगली आहे, पण कणसूर.' मुलगी म्हणाली, 'बाबा, कानसूर मतलब?' मी म्हटलं, 'कानसूर नाही गं, कणसूर. कणभर बेसूर. सूर लागतो, पण कणानं हुकतो.' तिला ते पटलं नाही. 'मला वाटलं कानाचा सूर. मतलब ऐकणाऱ्याच्या कानात जो बनतो तो.' आम्ही दोघं हसलो. मी तर बायकोला म्हणालो, पोरीची मराठी गेली कामातून.

आठवडाभरानं मुंबईहून फोन आला. चित्रपटाचं ध्वनिमिश्रण करणारा माझा वीस वर्षांपासूनचा सोबती होता. इकडचं तिकडचं बोलला आणि मग जपून विचारलं, 'दादा, त्या आलापात आवाज तंबोऱ्याच्या किंचित खाली ठेवलाय. मुद्दामच ना?'

माझ्या तोंडून 'हो' गेलं. विचार करायच्या आधी गेलं. तो म्हणाला, 'वाटलंच मला. दिग्दर्शक म्हणाले, काय कासावीस करतो तो सूर. तुम्हीच करू जाणे.' त्याची चूक नव्हती. माझ्या कानावर शंका घ्यायची ही गोष्टच आमच्या धंद्यात कुणाला सुचली नसती. आवाज उतरला असेल तर तो पंडितजींनी उतरवला असेल, त्यात काहीतरी असेल. मी मोठा असल्यामुळं माझी चूक सगळ्यांना कला वाटली.

मी तंबोरा काढला. नुसती षड्जाची तार छेडली आणि डाव्या कानाशी धरली. छान, ओळखीचा. मग तोच तंबोरा फिरवून उजव्या कानाशी धरला. तार तीच, ताण तोच, आणि सूर दुसरा. थोडा वर. मी पुन्हा डावीकडं नेला, पुन्हा उजवीकडं. किती वेळा केलं आठवत नाही. एका तारेचे दोन षड्ज होते आणि मी त्यांच्या मध्ये बसलो होतो. मी तंबोरा खाली ठेवला आणि कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून बारीक शिट्ट्या ऐकवल्या, ऐकू आली की बटण दाबा म्हणाले. मग आलेखाचा कागद समोर ठेवला. उजव्या कानाच्या आतली नस दुखावली आहे, अशा वेळी कधीकधी सूर सरकलेला ऐकू येतो. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत आला असतात तर औषधाला काही वाव होता. आता नाही. डावा आज ठीक आहे, पुढचं सांगता येत नाही. आणि मग साध्या उत्सुकतेनं त्यांनी विचारलं, 'आप तो संगीत वाले हैं। आपको पता नहीं चला?'

जग बेसूर झालंय असं वाटत होतं, मी बेसूर झालोय असं एकदाही वाटलं नाही.

बायकोला सांगितलं तेव्हा ती युनिफॉर्ममध्येच होती. तिनं तारखा विचारल्या, कागद वाचला आणि घडी करून परत दिला. मग म्हणाली, 'दोनदा सांगितलं होतं मी.' नंतर माझ्याजवळ बसली, पण ते आधी म्हणाली. तेही बरोबरच होतं.

त्या महिन्यांबद्दल फार लिहवत नाही. गाणं ऐकणं नकोसं झालं. उजव्या कानात बोळा घालून डाव्या कानानं काम रेटता येतं, हे मी शिकलो. पण स्वतः गायला तोंड उघडलं की काही उपाय चालत नाही. स्वतःचा आवाज हाडांतून दोन्ही कानांत पोचतो, आणि दुखावलेला कान बोटानं बंद केला तर त्याच कानात जास्त घुमतो. चाल सुचली की मी ती गुणगुणून बघायचो, लहानपणापासून दुसरी रीत माहीत नव्हती. आता गुणगुणलं की आत दोन माणसं एकमेकांना खोटं पाडायची. गोपालपुऱ्याला मुलीला आणायला गेलो की मी गाडीच्या काचा लावून बसायचो आणि एकच सा लावून बघायचो. शेजारून क्लासची पोरं पाठीवर दप्तरं घेऊन जात असायची. तिला यायला उशीर झाला तर मला बरं वाटायचं, आणि ती आली की मी तोंड मिटून गाडी चालू करायचो. मला जगायचा कंटाळा आला होता, हे आता लिहायला हरकत नाही. तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

सोबत्याला अखेर फोन करून खरं सांगितलं. त्यानं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, 'दादा, हे आपल्या दोघांतच राहू द्या. बाहेर कळलं तर काम मिळायचं नाही. आवाज मी वर उचलतो, यंत्रावर दोन मिनिटांचं काम.' त्यानं ते केलंही. आलाप तंबोऱ्याला येऊन टेकला.

आलाप सरळ झाला, पण बाई राहिल्या होत्या. आणखी एक छोटा तुकडा हवा आहे असं निमित्त काढून मी त्यांना फोन लावला. मनात होतं की बोलावून घ्यावं, चांगलं गाऊन घ्यावं, चार चांगले शब्द बोलावेत, म्हणजे कबुली न देता भरपाई होईल. त्या नेहमीच्या अदबीनं म्हणाल्या, 'सर, मैंने गाना छोड़ दिया।' मी विचारलं, आणि शाळेत? शाळेत त्यांनी अर्ज देऊन संगीत सोडलं होतं, आता ग्रंथालय बघत होत्या. माझ्याविषयी एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. उलट आभार मानले. इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, तुम्ही सांगितलंत, नाहीतर आणखी किती मुलांचे सूर बिघडवले असते.

फोन ठेवल्यावर मी दोन दिवस राजा पार्कच्या खोल्यांत येरझाऱ्या घातल्या. सांगितलं तर माझं उरलंसुरलं नाव जातं. ही गोष्ट एका गावातल्या शाळेतून मुंबईत पोचायला वेळ लागत नाही. न सांगितलं तर ती बाई उरलेलं आयुष्य पुस्तकांवर शिक्के मारत बसते. मी दोन दिवस हिशेब घातला याचीच मला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी बस्सीला गेलो. शाळा सुटायच्या वेळी. बाईंनी ग्रंथालयातच बसवलं, म्हणजे दोन कपाटं आणि एक लांब टेबल. पाणी आणलं. मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं, सर्दीपासून. हेडफोन कसा लावला होता, आवाज कुठल्या कानात होता, तंबोरा कुठल्या. 'आप बिल्कुल सुर में थीं। पहले ही टेक से। कान मेरा खराब था।'

मला वाटलं होतं त्या रडतील, चिडतील. निदान टेबलावरचा पेला फेकतील. त्या हसल्या. समजूतदारपणे, आजारी माणसाकडं बघून हसतात तशा. म्हणाल्या, 'सर, आप बड़े लोग हैं। मेरा मन रखने के लिए इतनी दूर आए।'

मी डॉक्टरांचा कागद पुढं केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आलेखाकडं आदरानं बघितलं आणि परत दिला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. सोबत्यानं काय केलं ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, 'देखिए, मतलब मशीन से ठीक करना ही पड़ा ना।' मी जे बोलत होतो ते उलटून माझ्याच बाजूनं पडत होतं. माझा एक शब्द त्यांनी स्वतःच्या वीस वर्षांच्या कानापेक्षा खरा मानला होता, आणि आता मीच तो परत मागत होतो तर तो त्यांच्या हातून सुटत नव्हता. मी घामाघूम झालो. हा माझा माज, वीस-तीस वर्षं पोसलेला, या बाईंच्या गळ्यात जाऊन बसला होता आणि मला तो तिथून काढता येत नव्हता.

शेवटी मी म्हटलं, फोनवर तंबोरा लावा. पेटीतल्या पांढरी दोन पट्टीचा. त्यांना वाटलं मी त्यांना गायला लावणार. त्या मागं सरकल्या. मी म्हटलं, तुम्ही नाही, मी गातो. तुम्ही फक्त ऐका.

अनेक महिन्यांत कुणासमोर तोंड उघडलं नव्हतं. सा लावला. आत दोन सूर उठले, आणि सवयीनं मी उजव्याच्या मागं गेलो, जो मला चढा वाटत होता तो खाली खेचत. बाई टेबलाकडं बघत होत्या. मी धरून ठेवला. त्यांनी हात मांडीवर घट्ट दाबून ठेवले होते. मोठ्या माणसाला टोकायचं नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्यांचा चेहराही काही बोलू द्यायला तयार नव्हता. श्वास संपला, मी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. व्हरांड्यातून जाणाऱ्या दोन मुली थांबल्या, एकमेकींकडं बघून तोंडावर हात ठेवून हसल्या आणि पळाल्या. मी थांबलो नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मी तो भिकार सूर लावत बसलो होतो, कारण माझ्याकडं दुसरा पुरावा नव्हता.

चौथ्या की पाचव्या वेळी बाईंच्या भुवया आवळल्या. दात दुखल्यावर होतं तसं. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून आपोआप उठला, मुलांना दाखवतात तसा तळवा वर.

'सर,' त्या हळूच म्हणाल्या, 'थोड़ा ऊपर।'

मी वर नेला. माझ्या कानात तो लगेच बिघडला.

'और थोड़ा।'

आणखी नेला. आता तो मला सहन होत नव्हता. इतका चढा सूर माझ्या शिष्यानं लावला असता तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं. बाईंचा तळवा हवेत स्थिर झाला होता. मी न थांबता भुवयांनीच विचारलं, पक्कं? आणि त्या बाई, ज्या कधी माझ्यासमोर मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, जरा वैतागून म्हणाल्या, 'यही सा है, सर। मैं सुन रही हूँ ना।'

मी मान हलवली आणि मला चुकीचा वाटणारा तो सूर श्वास संपेपर्यंत धरून ठेवला.